आधी बदली आणा

शोकसभेत पहिल्याच वक्त्यानं डॉक्टरांना 'थोर श्वानप्रेमी' म्हटलं, तेव्हाच मी उठून घरी जायला पाहिजे होतं. पण मला पुढच्या रांगेत बसवलं होतं, आणि मधूनच उठलं की अख्खा हॉल बघतो.

कसले श्वानप्रेमी? मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण एका कुत्र्याच्या डोक्यावरून त्यांनी कधी हात फिरवलेला मला आठवत नाही. एखाद्यानं हात चाटलाच तर ते नळाशी जाऊन साबणानं धुवायचे आणि परत येऊन त्या कुत्र्यालाच सांगायचे, "असलं काही करायचं नाही. आपलं कामापुरतं नातं आहे." लाडानं बोलणाऱ्या मालकांचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. कुणी 'मुकं जनावर' म्हणालं की झालं, त्या माणसाचं काही खरं नसायचं. "मुकं कुठंय? सकाळपासनं सांगतंय, पाय दुखतोय म्हणून. तुमचं लक्ष कुठं होतं?"

आणि हे श्वानप्रेमी म्हणणारा वक्ता कोण, तर एजन्सीचा मालक. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना वॉचमन आणि राखणीची कुत्री पुरवण्याची याची एजन्सी. डॉक्टरांना जिवंतपणी ज्यानं सगळ्यात जास्त छळलं तोच माणूस माइक हातात धरून डोळे पुसत होता. पांढरा शर्ट, हातात रुमाल, आवाज अगदी भरून आलेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ते पुढं येईल. आधी डॉक्टर सांगते.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका बोळात त्यांचा कुत्र्यांचा दवाखाना होता. पूर्वी त्या खोलीत हातमाग होता. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यांनी टेबल मांडलं होतं. पेशंट आला की डॉक्टर त्याचं नाव विचारत नसत, वय विचारत नसत. पहिला प्रश्न एकच. "नोकरी काय याची?"

कुणी म्हणायचं, मेंढरांमागं असतो. कुणी म्हणायचं, कारखान्यावर राखणीला. मग डॉक्टर चष्मा लावायचे. आणि कुणी हसून म्हणालं, "नोकरी कसली डॉक्टर, घरी असतो, सोफ्यावर," की चष्मा परत खिशात. "मग सात रस्ता चौकात जा. तिथं बाई आहेत, त्या पाळीव बघतात." सात रस्त्याच्या त्या डॉक्टरीणबाई चांगल्या शिकलेल्या, दवाखाना एसी, आणि त्यांना हा माणूस गावभर 'पाळीव' म्हणायचा. बाईंच्या कानावर ते गेलं होतं. समोरासमोर आले तरी दोघं एकमेकांशी बोलत नसत, आणि मी बाईंच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

माणसांना कामाच्या नावानं हाक मारायची ही त्यांची खोडच होती. मी लॅबमध्ये होते म्हणून मी 'लॅब'. एजन्सीचा वॉचमन शिद्राम हा 'गेट'. एजन्सीचा मालक 'ठेका'. तोंडावर. "या ठेका, बसा." मालकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

माझी त्यांची गाठ पडली तीही रागातच. सात रस्त्याजवळ माणसांचं रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, तिथं मी टेक्निशियन होते. एक दिवस हे म्हातारे गृहस्थ जेवणाच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून रक्ताच्या चार नळ्या घेऊन आले. म्हणाले, "मशीनमध्ये फिरवून पाहिजेत. एकदा हळू, एकदा जोरात." मी पेशंटचं नाव विचारलं. म्हणाले, "वाघ. मंगळवेढ्याकडचा. मेंढरांच्या नोकरीला आहे." मला वाटलं, म्हातारा सटकला.

मग त्यांनी काउंटरवरच समजावून सांगितलं. कुत्र्याचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं. लाल खाली बसतं, वर पिवळं पाणी येतं. त्या पिवळ्यात जखम भरून आणणाऱ्या बारीक पेशी दाट झालेल्या असतात. तेवढंच उचलायचं आणि त्याच कुत्र्याच्या दुखऱ्या सांध्यात, सांधा बांधून ठेवणारी शीर फाटली असेल तर तिथं सोडायचं. बाहेरचं औषध नाही. शरीराला स्वतःची डागडुजी करायला माणसं वाढवून द्यायची, एवढंच. मोठ्या शहरांत चरबीतल्या मूळ पेशी काढून यापुढचं करतात, ते आपल्याला येत नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. "आणि याचा गुण सगळ्यांना येतो असंही नाही. कुणाला येतो, कुणाला नाही. थापा मारणार नाही."

मी नळ्या फिरवून दिल्या. संध्याकाळी लॅबच्या मालकांना कळलं. कुत्र्याचं रक्त माणसाच्या मशीनमध्ये? मशीन तीनदा फिनेलनं धुवायला लावली, आणि मला सगळ्यांसमोर बोलले की, मशीन बाटवलीस. बाटवलीस! हा शब्द माझ्यासमोर. बंद नळीत रक्त होतं, थेंब सांडला नव्हता. आणि बाटणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये, आमच्या आज्याला गावच्या विहिरीनं शिकवलंय. त्या संध्याकाळी मी तडक शुक्रवार पेठेत गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, तुम्ही तुमची मशीन घ्या, लॅब सुटल्यावर मी येऊन चालवते. ते म्हणाले, "ये. पण कुत्र्यांना यू यू करायचं नाही." आभार नाही, चहा नाही. असा माणूस.

त्यांची तपासायची तऱ्हा बघायला बोळातली माणसं ओट्यावर येऊन बसायची. दवाखान्यात शहाबादी फरशी होती. डॉक्टर डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि कुत्र्याला फरशीवरून चालवायला सांगायचे. नखांचा आवाज ऐकायचे. टक टक टक टक. "मागचा डावा उशिरा पडतोय." मग स्वतः उठून तसंच लंगडत बोळाच्या टोकापर्यंत जायचे. पुढं लंगडणारा म्हातारा, मागं लंगडणारं कुत्रं. माणसं हसायची. हे परत येऊन म्हणायचे, "ढोपरात नाही, वर खुब्यात आहे. मला तिथं ताण आला." मलाही त्यांनी तो आवाज ऐकायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, चुकलं की ओरडले.

पण इंजेक्शन लगेच नाही. इंजेक्शनआधी दुसरा प्रश्न. "बदली कोण?"

सोलापुरात बदली म्हणजे काय हे जुन्या माणसाला सांगावं लागत नाही. गिरणीत कायम कामगार आजारी पडला, रजेवर गेला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता जो घेतात तो बदली कामगार. सकाळी गेटवर बदल्या उभ्या राहायच्या. बोलावलं तर काम, नाहीतर घरी. डॉक्टरांचं म्हणणं असं, की या इंजेक्शननंतर दोन महिने सुट्टी पाहिजे. पळणं नाही, उडी नाही, फक्त दोरीला धरून चालणं. दुखायचं थांबतं लवकर, पण आत शीर अजून कच्ची असते. आणि नेमकं दुखायचं थांबलं की मालक कुत्र्याला कामावर लावतो. मग कच्ची शीर पुन्हा फाटते, ती कायमची. "म्हणून आधी बदली आणा, मग सुई. याच्या जागी राखण कोण करणार ते मला दाखवा." मेंढपाळांना ते पटायचं. ते भावाचं कुत्रं आणून दाखवायचे, नाहीतर पुतण्याला उभं करायचे. कारखानेवाल्यांना पटायचं नाही. कुत्र्याला रजा? ते खो खो हसायचे.

रजेवरच्या कुत्र्याला पोत्यावर झोपवलेलं त्यांना चालायचं नाही. चादर पाहिजे. "चादरीच्या गावात कामगार फरशीवर झोपतोय, लाज वाटत नाही?"

हे बदलीचं खूळ कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. वीज गेली होती, मशीन थांबली होती, आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात बसलो होतो. त्यांचे वडील बदली कामगार होते. आयुष्यभर बदलीच. "घरात पाच पोरं. वडलांना काम कधी, तर दुसरा कुणी आजारी पडला तर. आई दिवा लावायची आणि म्हणायची, आज कुणाला तरी ताप येऊ दे. आम्ही पोरं पाया पडून तेच म्हणायचो." मग एक दिवस वडलांचाच हात मशीनमध्ये गेला. कायम कामगाराला रजा असते, बदलीला नसते. तिसऱ्या दिवशी फडकं बांधलेल्या हातानं वडील पुन्हा गेटवर उभे. हात गेला तो गेलाच. "बदलीची बदली कुणी लावत नाही," डॉक्टर म्हणाले. मग वीज आली आणि ते माझ्यावरच खेकसले, बघतेस काय, मशीन लाव.

आता सुंदरी. सुंदरी ही एजन्सीची कुत्री, जर्मन शेफर्डसारखी दिसायची, पण निम्मी गावठी. एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यावर तिची नेमणूक. दिवसा गेटवर साखळीला, अंधार पडला की आवारात मोकळी. भिंतीवरून उडी मारताना मागच्या गुडघ्यातली शीर अर्धी फाटली. एजन्सीचा मालक स्वतः घेऊन आला. "डॉक्टर, ते रक्ताचं इंजेक्शन मारा. उद्या ड्युटीला पाहिजे."

"बदली कोण, ठेका?"

"अहो, कुत्रं आहे ते."

"म्हणूनच विचारलं. माणूस असता तर तुम्ही काढूनच टाकला असता."

मालक लाल झाला, पण दुसऱ्या दिवशी शिद्रामबरोबर बदली म्हणून एक कुत्रा पाठवला. शिद्राम अक्कलकोटकडचा, वयस्क, मितभाषी. म्हणाला, "मालक म्हनले, ह्यो सुंदरीच्या जागी. दावून ये."

डॉक्टर डोळे मिटून बसले. कुत्रा फरशीवरून चालला. डॉक्टरांनी डोळे उघडले. "गेट, याचा पुढचा कोपर गेलाय. हाच रजेवर पाहिजे. याची बदली कुठाय?"

शिद्राम गेला आणि संध्याकाळी तिसरा घेऊन आला. त्याच्या पंजांना काँक्रीटवर उभं राहून राहून जखमा पडलेल्या. चौथा आणला, त्याला तर दवाखान्याची एक पायरी चढवेना. शिद्राम खाली मान घालून उभा. "सगळीच अशी हायत की डॉक्टर. फरशीवरच बांदत्यात. मी लई सांगितलं, पर माझं कोन ऐकतंय?"

डॉक्टरांनी चौघांनाही ठेवून घेतलं. एजन्सीकडं धड चालणारं एक कुत्रं उरलं नाही आणि दवाखान्यात मला पाय ठेवायला जागा उरली नाही. चार चादरी मी घरून आणल्या. सुंदरीला इंजेक्शन दिलं. रोज दोरीला धरून बोळाच्या टोकापर्यंत मीच न्यायची. हळूहळू तिचा चौथा पाय फरशीवर वाजायला लागला. त्या आवाजाचा मला किती आनंद व्हायचा ते मी डॉक्टरांना कधी कळू दिलं नाही.

निम्मी रजा झाली असेल. मी लॅबमध्ये असताना मालक टेम्पो घेऊन आला आणि चौघांना भरून घेऊन गेला. डॉक्टर आडवे आले तर म्हणाला, "माझी कुत्री, माझी मर्जी. आणि सुंदरी तर झकास चालतीय, मी बघितली." मी संध्याकाळी आले तेव्हा डॉक्टर चादरींच्या घड्या घालत बसले होते. मी भडकलेच. मी पोलिसांत जाऊ म्हणाले, पेपरवाल्यांना बोलवू म्हणाले. ते घड्याच घालत राहिले. मला त्यांचाही राग आला. एरवी माझ्यावर ओरडता, आज आवाज कुठं गेला?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलायच्या वेळेला डॉक्टर एमआयडीसीत त्या कारखान्याच्या गेटवर उभे. हातात जेवणाचा डबा. सायकलीवरून, गाड्यांवरून कामगार आत चालले होते. डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "सुंदरीची बदली. हजर आहे."

पोरं हसली. म्हातारा वेडा झालाय म्हणाली. पण मागून येणारे जुने विणकर सायकलीवरून उतरले. त्यांचे बाप, आजे याच गावच्या गिरण्यांच्या गेटवर असेच डबा घेऊन उभे राहिलेले. एकानं डॉक्टरांशी विणकरांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी बोलून घेतलं, दुसऱ्यानं जाऊन सुंदरीची साखळी सोडली. कारखान्याचे शेठ आले तोवर डॉक्टर सुंदरीच्या जागेवर बसले होते आणि गेटशी माणसांचा घोळका होता. शेठनी एजन्सीच्या मालकाला फोन लावला आणि जे काही बोलले ते मी इथं लिहीत नाही.

सुंदरीला रजा मिळाली. रात्रीची फेरी शिद्रामनं एकट्यानं सांभाळली. पण दिवसाला डॉक्टर बसत राहिले. मालक दुसरी बदली देईना आणि हे जागा सोडेनात. सोलापूरचा एप्रिल. पत्र्याची सावलीसुद्धा भाजते. दवाखाना फक्त सकाळ-संध्याकाळ. एका रविवारी मी गेले तर हे तापानं फणफणलेले, तरी स्टुलावर. मी म्हणाले, उठा, घरी चला. म्हणाले, "बदलीला रजा नसते." माझा तोल गेला. मी दंडाला धरून त्यांना उठवलं, पाळी संपवून निघालेल्या शिद्रामच्या सायकलीवर मागं बसवलं आणि स्वतः त्या स्टुलावर बसले. शेठची गाडी आली. काच खाली करून विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणाले, "बदलीची बदली."

शेठना उत्तर कळलं की नाही कोण जाणे. सायकलीवरून डॉक्टरांनी मागं वळून बघितलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी म्हणाले, काल मशीन पुसून का गेली नाहीस.

सुंदरी नंतर नीट पळाली. म्हातारी होऊन, शिद्रामच्या घरी, चादरीवर मेली. बाकीच्या तिघांना मालकानं कुठं पाठवलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. ते डॉक्टरांच्या मनातून गेलं नाही, आणि माझ्याही नाही.

आता हा माणूस शोकसभेत सांगत होता की, डॉक्टरसाहेबांनी आमच्या एजन्सीला कायम मार्गदर्शन केलं. टेबलावर सोलापुरी चादर अंथरून डॉक्टरांचा फोटो ठेवला होता. मग मालक म्हणाला, "आता आमच्या एजन्सीचा श्वान साहेबांना मानवंदना देईल." हॉलच्या गेटवर राखणीला उन्हात बांधलेला एक तरणा कुत्रा शिद्रामनं आत आणला. हॉलला शहाबादी फरशी. मी सवयीनं डोळे मिटले.

टक टक टक. आणि चौथा नाही.

लोक टाळ्या वाजवत होते. कुत्र्यानं फोटोपुढं पुढचा पाय उचलला, तर लोकांना वाटलं, नमस्कार केला. फोटो काढले. अरे, तो पाय टेकवता येत नाही म्हणून उचललाय. हे डॉक्टरांच्या फोटोसमोर. मी उठले. अख्खा हॉल बघू दे. मी विचारलं, "याची बदली कोण?"

मालक माइकमध्ये हसला. "हा साहेबांचा लाडका प्रश्न, छान आठवण काढली ताईंनी," म्हणाला. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. मी कुणाची आठवण काढत नव्हते. मी टेबलाशी गेले, फोटो उचलून खुर्चीवर ठेवला, खालची चादर ओढून घेतली आणि शिद्रामपुढं हात केला. त्यानं साखळी माझ्या हातात दिली. मालक त्याच्याकडं बघत होता तरी दिली.

"ताई, कार्यक्रम चालू आहे. नंतर बघू की," मालक म्हणाला.

"तीन कुत्री नंतर बघू म्हणूनच गेली," मी म्हणाले.

गेटबाहेर कडुनिंबाखाली मी चादर अंथरली. कुत्रा एकदा माझ्याकडं बघून त्यावर लवंडला. शिद्रामचं गेटवरचं स्टूल रिकामं होतं, मी त्यावर बसले. अंगावर ठेवणीतली साडी, समोर पायताणांचा ढीग. आत दुसरा वक्ता उठला होता. म्हणाला, डॉक्टरांची जागा कुणीही घेऊ शकत नाही. जोरात टाळ्या पडल्या.

त्या वाक्यानं मला रडू फुटलं. रागानंच. जन्मभर या माणसानं प्रत्येकाला बदली मागितली. मेंढक्याला मागितली, शेठला मागितली, आणि स्वतःची लावून न देता गेला. रजा मी देईन हो या कुत्र्याला. सुई कोण देणार? मशीन मी फिरवीन, पिवळं पाणी मी काढून ठेवीन, ते सांध्यात सोडायचं कुणी? आणि हे आत टाळ्या वाजवतायत, जागा रिकामी राहिली म्हणून.

आतून चपला शोधत कुणीतरी बाहेर आलं. सात रस्त्याच्या डॉक्टरीणबाई. ज्यांना डॉक्टर गावभर 'पाळीव' म्हणायचे त्या. मागच्या रांगेत बसल्या असाव्यात, मी पाहिलंच नव्हतं. आता माझ्याशी काय बोलणार, मी डोळे पुसून दुसरीकडं बघायला लागले. बाई चादरीपाशी आल्या, पदर खोचला आणि खाली बसल्या. कुत्र्याचा कोपर हलक्या हातानं दुमडून बघितला. कुत्र्यानं पाय मागं ओढला. बाईंनी तो पुन्हा हातात घेतला.

मग वर न बघताच म्हणाल्या, "नोकरी काय याची?"

"गेटवर," मी म्हणाले. "दिवसपाळी."

"बदली?"

"बसलीय की," मी म्हणाले.